मुलांचा हौशी फुटबॉल संघ : प्रशिक्षण व संघटन

शाळेच्या पटांगणात सायंकाळी चेंडू पडला की मुले आपोआप गोळा होतात. थोड्याच दिवसांत त्यांचा संघ तयार होतो. शाळेतील एखादे शिक्षक अथवा तरुण मंडळाचा एखादा कार्यकर्ता प्रशिक्षकाची जबाबदारी पत्करतो आणि लवकरच पहिला सामना ठरतो. त्या दिवशी प्रशिक्षकापुढे एक प्रश्न उभा राहतो : जमलेल्या पंधरा-वीस मुलांपैकी खेळवायचे कोणाला? बहुधा चपळ व दणकट मुले निवडली जातात आणि उरलेली मैदानाबाहेर बसून राहतात. दोन-तीन सामने असे गेले की बाहेर बसणारी मुले सरावालाही येईनाशी होतात. संघाला करंडक मिळतो, परंतु गावातील निम्मी मुले मैदानाला मुकतात. हौशी संघाच्या प्रशिक्षणाचा विचार म्हणूनच या प्रश्नापासून करावयास हवा.

हौशी संघाचा हेतू

महाराष्ट्राला फुटबॉल नवा नाही. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने पाहण्यासाठी शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेचे काही सामने नवी मुंबईत झाले आणि भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. त्याच वर्षी १५ सप्टेंबर रोजी राज्यभरातील शाळांमधून मुलांनी फुटबॉल खेळून या स्पर्धेचे स्वागत केले होते. तथापि, पटांगणावर जमणाऱ्या मुलांपैकी फारच थोडी पुढे नामवंत खेळाडू होणार असतात. इतरांच्या दृष्टीने फुटबॉल म्हणजे आरोग्य, सोबत आणि आनंद होय. म्हणून हौशी संघाच्या प्रशिक्षकाचे यश करंडकांवरून मोजणे योग्य ठरणार नाही. यंदा आलेल्या मुलांपैकी पुढच्या वर्षी किती परत आली, हीच त्याची खरी कसोटी.

अमेरिकेत १९६४ साली कॅलिफोर्निया राज्यात स्थापन झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन या संस्थेने हे तत्त्व नियमातच बसविले. तेथे प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात किमान अर्धा वेळ खेळावयास मिळालेच पाहिजे असा दंडक आहे. संघही समतोल बळाचे केले जातात. प्रशिक्षक बहुतेक पालकच असतात व ते विनामूल्य काम करतात.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉलचे कार्य आरंभिले. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. निवडक खेळाडू शोधण्याऐवजी जी मुले समोर होती त्यांनाच चेंडू देऊन या कार्याची सुरुवात झाली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

वेळेची वाटणी

सर्वांना खेळविणे अवघड नाही, मात्र त्याची आखणी सामन्यापूर्वी कागदावर करावी लागते. समजा, सात-सात खेळाडूंचा सामना ४० मिनिटांचा आहे व संघात १० मुले आहेत. सामन्याचे १० मिनिटांचे चार भाग पाडले तर एकूण २८ जागा उपलब्ध होतात. आठ मुलांना प्रत्येकी तीन भाग व दोन मुलांना प्रत्येकी दोन भाग दिले की हिशेब पूर्ण होतो. कोणीही अर्ध्या वेळेपेक्षा कमी खेळत नाही. ज्या दोघांना कमी वेळ मिळाला, त्यांना पुढील सामन्यात तीन भाग द्यावेत. गोलरक्षकाची जागाही आळीपाळीने द्यावी. नेहमी एकाच मुलाला गोलात उभे केल्यास तो पळण्याच्या आनंदाला मुकतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो : अशाने गुणी खेळाडूंचे नुकसान होणार नाही काय? लहान वयात गुण ओळखणे वाटते तितके सोपे नसते. एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठे असते. दहाव्या वर्षी हा फरक उंचीत व ताकदीत स्पष्ट दिसतो. निवड करणारे पुष्कळदा वयालाच गुण समजतात, असे अनेक देशांतील पाहणीत आढळून आले आहे. आज मागे असलेले मूल चार वर्षांनी पुढे जाऊ शकते, परंतु त्यासाठी ते तोवर मैदानावर टिकले पाहिजे.

सरावाचा एक तास

चोवीस मुलांना एकच चेंडू देऊन मोठ्या मैदानावर सोडल्यास अनेकांच्या पायाला चेंडू लागतही नाही. त्याऐवजी फक्कीने ३० मीटर लांब व २० मीटर रुंद अशी तीन छोटी मैदाने आखावीत. प्रत्येकावर चार-चार मुलांचे दोन संघ खेळवावेत. तीन चेंडूंत चोवीसही मुले खेळतात आणि प्रत्येकाला चेंडू अनेकदा मिळतो. अशा खेळात वेगळा गोलरक्षक नसला तरी चालतो.

तासाची मांडणी साधी असावी. पहिली दहा मिनिटे चेंडूसह पळापळीचे खेळ, पुढील पंधरा मिनिटे एकच कौशल्य, त्यानंतर अर्धा तास छोटे सामने आणि अखेरची पाच मिनिटे पाणी व गप्पा. कौशल्य शिकविताना रांगा लावू नयेत. रांगेतील मूल खेळत नसते, केवळ वाट पाहत असते. लहान मुलांना तीन क्रमांकाचा, आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार क्रमांकाचा व त्यापुढील मुलांना पाच क्रमांकाचा चेंडू द्यावा. सामना चालू असताना बाहेरून सतत सूचना दिल्याने मूल स्वतः विचार करण्याचे सोडून देते. म्हणून प्रशिक्षकाने व पालकांनीही त्या वेळी शाबासकीपुरतेच बोलावे.

सुरक्षितता

लोखंडी गोलखांब जमिनीत पक्के रोवलेले असावेत. सुटे खांब अंगावर कोसळून मुले दगावल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. गोलाच्या खुणेसाठी दगड-विटा न ठेवता बांबूला कापडी निशाण बांधावे. उन्हाळ्यात सराव भल्या सकाळी अथवा उन्हे उतरल्यावर घ्यावा व पाण्यासाठी वारंवार थांबावे. काही मुले अनवाणी व काही खिळ्यांचे बूट घातलेली असतील तर त्यांना एकत्र खेळवू नये. डोक्याने चेंडू मारण्याबाबतही सावधगिरी हवी. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ साली दहा वर्षे व त्याखालील मुलांना त्यास मनाई केली. इंग्लंडमध्येही २०२० साली प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून ते वगळण्याची सूचना देण्यात आली.

मुलींचा सहभाग

सराव अंधार पडण्यापूर्वी संपणे, एखादी शिक्षिका अथवा माता मैदानावर उपस्थित असणे, पूर्ण लांबीच्या पोशाखात खेळण्याची मुभा असणे आणि जवळ स्वच्छतागृह असणे, एवढ्या गोष्टी साधल्या तर अनेक घरांचा विरोध मावळू शकतो. दहा-बारा वर्षांपर्यंत मुले-मुली एकत्र खेळू शकतात. आरंभी मुलींची संख्या थोडी असल्यास त्यांना एकेक करून वेगवेगळ्या संघांत न विखुरता दोघी-तिघींना एकत्र ठेवावे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण व खेळाचे साहित्य यांचा अंतर्भाव आहे. तेव्हा मैदान ही मुलांवर केलेली मेहेरबानी नव्हे. पटांगणावरील अतिक्रमण रोखणे, तेथील काचा व खडे वेचून घेणे, पावसाळ्यानंतर जमीन सपाट करून घेणे आणि सुटीच्या दिवशी शाळेचे फाटक उघडे राहील अशी व्यवस्था करणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. स्पर्धा भरविताना पंचायतीने प्रत्येक खेळाडूला अर्धा वेळ खेळविण्याची अट घातल्यास प्रशिक्षकाचेही काम सुकर होईल. तसे झाले तर सामन्याच्या दिवशी कोणाला खेळवायचे, या प्रश्नाला एकच उत्तर राहील : आलेल्या प्रत्येकाला.