तानापिहिनिपाजा आणि आयर्न-कार्बनचं शेत

पीएल सुरू झाली की आपल्या होस्टेलचा रंग बदलतो. अक्षरशः बदलतो! पिवळे, गुलाबी, पोपटी हायलायटर बाहेर पडतात आणि लोकल ऑथरच्या पुस्तकांची पानं हळदीत बुडवल्यासारखी दिसू लागतात. एका महाभागाने तर हेडिंग रंगवलं, मजकूर रंगवला, आकृतीखालची ओळही रंगवली. शेवटी न रंगवलेल्या दोन ओळीच काय त्या उठून दिसत होत्या! पान रंगवलं की अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, हे खरं. पण हॉलमध्ये समोर येतो तो कोरा कागद. रंगवलेलं पान तेव्हा होस्टेलच्या कपाटात असतं.

मी टॉपर वगैरे नाही, थर्ड इयर मेकॅनिकलचा साधा विद्यार्थी आहे. पण दोन वर्षं होस्टेलमध्ये राहून कोणाच्या डोक्यात काय टिकतं आणि काय गळून जातं हे जवळून पाहिलं, त्यावर थोडं वाचलंही. आपल्या कॉलेजात निम्मी मुलं तरी जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मराठी माध्यमातून आलेली. त्यांना वर्गात कळतं. पेपरात आठवत नाही. आणि आठवलं नाही की केटी, केटी साठल्या की वायडी, वायडी झाली की स्कॉलरशिपचं आणि घरच्या पैशांचं सगळंच गणित बिघडतं. म्हणून 'लक्षात ठेवणे' हा विषय मला वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे.

आधी एक सोपी गोष्ट घेऊ. रेझिस्टरचा कलर कोड. फर्स्ट इयरला सगळ्यांना एक इंग्रजी वाक्य शिकवलं जातं, बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन हॅड अ व्हेरी गुड वाइफ. आता हा रॉय कोण, त्याच्या बायकोचं आपल्याला काय, आणि वाक्यात तीन 'बी', त्यातला ब्लॅक कुठला, ब्राऊन कुठला आणि ब्लू कुठला? व्हायवाला पोरं नेमकी तिथेच अडखळतात. दोन 'जी'सुद्धा आहेत, ग्रीन आणि ग्रे. म्हणजे वाक्य पाठ असूनही घोटाळा.

आता तुमच्या पाचवी-सहावीच्या विज्ञानाच्या तासाला चला. इंद्रधनुष्याचे रंग कसे पाठ केले होते? तानापिहिनिपाजा! तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. यातला 'पारवा' काढून टाका. उरलेले सहा रंग त्याच क्रमाने रेझिस्टरवर २ ते ७ आकडे आहेत. तांबडा २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७. इंद्रधनुष्याच्या अलीकडे अंधार, म्हणून काळा ० आणि तपकिरी १. पलीकडे उजेड, म्हणून राखाडी ८ आणि पांढरा ९. झाला कोड! पिवळा-जांभळा-तांबडा दिसला की ४, ७ आणि पुढे दोन शून्यं, म्हणजे ४७०० ओहम. लॅबमध्ये हे ज्यांना दाखवलं त्यांना ते पुन्हा सांगावं लागलं नाही. कारण नवीन काही पाठ करायचंच नव्हतं, दहा वर्षांपूर्वीच डोक्यात बसलेल्या खुंटीला नवी पिशवी अडकवायची होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की खुंटी आपली हवी. दुसऱ्याच्या घरातली खुंटी अंधारात सापडत नाही.

माझा रूम पार्टनर पाथर्डी तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर कोयता घेऊन निघायचं आणि पट्टा पडला की परत यायचं. म्हणजे आमचे हिवाळी पेपर सुरू असतात तेव्हा त्याच्या घराला कुलूप असतं. सेकंड इयरला मेटलर्जीच्या युनिट टेस्टमध्ये त्याला वीसपैकी चार मिळाले. आयर्न-कार्बन डायग्राम काढताना त्याला एक रेघ आठवली की दुसरी जायची. पुस्तकातली आकृती त्याने ट्रेसिंगसारखी सात-आठ वेळा उतरवली होती, तीसुद्धा सुबक. ड्रॉइंग त्याचं मुळातच चांगलं. तरी कोऱ्या कागदावर काही उमटेना.

मग एका रात्री त्याने त्या आकृतीचं शेत केलं. खालची रेघ म्हणजे रस्त्याकडेचा बांध, लांबी शून्यापासून ६.६७ टक्के कार्बनपर्यंत. वर चढत जाणारं तापमान म्हणजे डोंगराकडची चढण. शेतात दोन विहिरी. एक जवळची, ०.८ टक्क्यांवर, ७२७ अंशांच्या उंचीवर. दुसरी लांबची, ४.३ टक्क्यांवर, ११४७ अंशांच्या उंचीवर. दोन्ही विहिरींतून एकेक आडवी पाइपलाइन गेलेली. ७२७ ची पाइपलाइन जवळजवळ अख्खं शेत ओलांडते, ११४७ ची मात्र दोन टक्क्यांच्या बांधापासून उजवीकडेच. (हा बांध काही पुस्तकांत २.०, काहींत २.११ असतो, आपल्या सरांचा कोणता ते विचारून घ्या.) त्या बांधाच्या डावीकडची वाटणी स्टीलची, उजवीकडची कास्ट आयर्नची. डाव्या कुंपणावर तीन खुणा, ९१२, १३९४ आणि १५३८, म्हणजे शुद्ध लोखंड कुठे रूप बदलतं आणि कुठे वितळतं. जवळच्या विहिरीपाशी ऑस्टेनाइट थंड होऊन पर्लाइट होतो. विहिरीच्या डावीकडे पर्लाइटबरोबर फेराइट, उजवीकडे पर्लाइटबरोबर सिमेंटाइट.

नावं त्याने आधी मराठीत लिहिली. 'जवळची विहीर', 'मोठा बांध' अशीच. दुसऱ्या दिवशी त्याच जागी इंग्रजी नावं. त्यानंतर पंधरा-वीस दिवस सकाळी मेसला जाण्याआधी जुन्या जर्नलच्या पाठकोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून, घड्याळ लावून पाच मिनिटांत शेत काढायचा. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल पेनने भरायचा. पहिल्या कागदावर लालच लाल होतं. दहाव्या कागदावर दोन आकडे लाल. पेपरात त्याने आधी आकृती काढली आणि एकेका वाटणीवर बोट ठेवून एकेक साधं इंग्रजी वाक्य लिहिलं. इंग्रजी अलंकारिक नव्हतं, असण्याची गरजही नव्हती. मेटलर्जी निघाली.

एम-थ्री राहिला. तेही सांगायलाच हवं, नाहीतर हा लेख जादूच्या प्रयोगाची जाहिरात होईल. लाप्लास ट्रान्सफॉर्मचं शेत होत नाही. तिथे हाताने गणितं सोडवण्याला पर्याय नाही. फॉर्म्युल्यांच्या रंगीत तक्त्याने भिंत सजते, गणित सुटत नाही. आकृती, भाग, क्रम, जागा, रंग असलेल्या विषयांना चित्र कामाला येतं; हिशेबाच्या विषयांना सराव.

या प्रकाराला शास्त्राचा आधार आहे का, हे मी शोधलं. आहे. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून आपण किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे! आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. आपल्या होस्टेलचंच वर्णन वाटतं की नाही? २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांत विभागून करणे या दोन सगळ्यात वर आल्या. हायलायटर आणि पुन्हा वाचन तळाला. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ च्या प्रयोगांत शब्द नुसता लिहिण्यापेक्षा त्याचं चित्र काढलं तर तो जास्त आठवतो असं दिसलं, आणि चित्र चांगलं की वाईट याने विशेष फरक पडला नाही. ज्यांची गाय कुत्र्यासारखी दिसते त्यांनी निश्चिंत असावं.

माइंड मॅपबद्दल मात्र जरा जपून. टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने १९७० च्या दशकात ते लोकप्रिय केले. मध्यभागी विषय, त्याला फांद्या, रंग, चित्रं. कल्पना छान आहे. पण त्यासोबत 'मेंदूचा उजवा भाग चित्राचा, डावा आकड्यांचा' असलं जे सांगतात ते इतकं सरळ नाही. आणि नेटवरून तयार माइंड मॅपची प्रिंट काढणं किंवा एआयकडून समरी काढून घेणं म्हणजे शेजाऱ्याने जेवावं आणि आपण ढेकर द्यावी! फांदी कुठे काढायची हे ठरवताना जो विचार होतो, तोच अभ्यास.

लक्षात ठेवणं आपल्या नगर जिल्ह्याला काही नवीन नाही. (२०२४ पासून जिल्हा अहिल्यानगर झालाय, पण एसटीत बसताना अजून तोंडात नगरच येतं.) नेवाशाला जा. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरची टीका सांगितली असं परंपरा मानते, तो पैस खांब तिथे आहे. सांगितलं ज्ञानेश्वरांनी, लिहून घेतलं सच्चिदानंदबाबांनी. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, आणि त्या मुखोद्गत असलेली माणसं वारकऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली. कसं जमत असेल? एक कारण ओवीच्या घडणीतच आहे. तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड. मधला शब्द चुकला की यमक मोडतं आणि म्हणणाऱ्याला लगेच खटकतं. डिजिटलवाल्यांच्या भाषेत हा पॅरिटी बिटच झाला!

पण पॅरिटी बिटला प्रत्येक चूक पकडता येत नाही. नकला आणि पाठांतर यांतून जवळजवळ तीनशे वर्षांत पाठभेद शिरले, आणि १५८४ मध्ये एकनाथांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत तयार केली. म्हणून माझ्या पार्टनरचा तो लाल पेन मला महत्त्वाचा वाटतो. न बघता काढायचं, पण काढल्यावर मूळ पुस्तकाशी ताडायचंच. नाहीतर चुकीचं शेतही तितकंच पक्कं बसतं.

आणि प्रत्येक गोष्ट डोक्यातच ठेवायची का? मुळीच नाही. हिवरे बाजार आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत पाहिलंय. नगर तालुक्यातलं, कमी पावसाच्या पट्ट्यातलं गाव. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर गाव कसं बदललं ते सगळ्यांना माहीत आहे. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण सहलीत आपण झाडं आणि बंधारे बघतो आणि फलक वाचायचा राहतो. तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यातून माणसांना आणि जनावरांना किती, शेतीला किती उरतं. त्यावर ग्रामसभेत पिकं ठरतात. उसासारखं पाणी पिणारं पीक नाही, शेतीसाठी बोअर नाही. हा हिशेब एकट्या सरपंचाच्या डोक्यात असता तर दर उन्हाळ्यात भांडण झालं असतं. तो सगळ्यांना दिसेल असा मांडलेला असतो, म्हणून आठवणीवर वाद होत नाही.

आमच्या खोलीत आम्ही त्याचीच नक्कल केली. कपाटाच्या दारावर एक ड्रॉइंग शीट. सबमिशनच्या तारखा, परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख, महाडीबीटीचा अर्ज, मेसचं बिल. हे पाठ करण्यात मेंदू झिजवू नये. विषय राहिला तर पुढच्या सेमिस्टरला देता येतो, स्कॉलरशिपच्या अर्जाची तारीख हुकली तर घरी काय सांगणार? रविवारी रात्री दहा मिनिटं शीटसमोर उभं राहायचं, झालेलं खोडायचं, नवीन लिहायचं.

वेळेबद्दल दोनच शब्द. मौलाना आझाद आणि नेहरू १९४२ ते १९४५ या काळात आपल्याच भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत तिथे लिहिलं. आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतः चहा करून लिहायला बसत. तुरुंगात मोबाइल नव्हता हे मान्य! पण आमचा पार्टनर रोज मेसच्या आधीची ती पाच मिनिटं मोबाइल बॅगेत टाकून बसतो. वेळ पाच मिनिटंच, पण रोज तीच. 'आज मूड नाही' हा प्रश्नच उरत नाही.

सुरुवात करायची असेल तर आज रात्री एकच आकृती घ्या. ओटो सायकल घ्या, सेव्हन सेगमेंट घ्या, सिव्हिलवाल्यांनी बीमचा बेंडिंग मोमेंट घ्या. ती तुमच्या गावातल्या कशासारखी दिसते ते बघा आणि पुस्तक मिटून काढा. उद्या सकाळी परत, मग तीन दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात.

आमच्या शीटवर एम-थ्रीचा वेगळा रकाना आहे. रोज दोन गणितं, प्रत्येकाला एक रेघ, पाच झाल्या की आडवी काट. काल रात्रीपर्यंत अडतीस झाली होती.