प्रत आणि बतावणी

आषाढीच्या आधी सातारा जिल्ह्यातील एका गावी आमचे प्रवचन होते. प्रवचन आटोपल्यावर कॉलेजात शिकणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, माझी आजी दर आषाढीला करहरला जाते. करहरला सगळे प्रतिपंढरपूर म्हणतात. म्हणजे ती पंढरीची नक्कलच की! दुकानात नकली माल आपण परत करतो, मग नकली पंढरीला हात का जोडायचे?"

मंडळी हसली. दोघे-तिघे वडीलधारे रागावलेसुद्धा. आम्हांस मात्र प्रश्न आवडला, कारण तो चेष्टेचा नव्हता, खऱ्या अडचणीचा होता. त्या दिवशी वेळ थोडा होता, उत्तर तोकडे झाले. तेच आज सविस्तर मांडतो.

करहर हे जावळी तालुक्यातील गाव. आषाढात त्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो, भाताची लावणी अंगावर आलेली असते, घरात म्हातारी माणसे आणि लहान पोरे असतात. पंधरा-वीस दिवस घर सोडून वारीला निघणे सगळ्यांना साधत नाही. अशी माणसे एकादशीला करहरच्या विठोबाला जातात. आता शब्दाकडे नीट पाहा. लोकांनी त्या गावाला 'पंढरपूर' म्हटले नाही, 'प्रतिपंढरपूर' म्हटले. पुंडलिकाने वीट फेकली ती इथेच, असे करहरात कोणी सांगत नाही. 'प्रति' ह्या दोन अक्षरांत सगळा प्रामाणिकपणा आहे. आणि संस्कृतात 'प्रति' म्हणजे 'कडे' असाही अर्थ होतो. जी वस्तू मुळाकडे बोट दाखवते ती प्रत. जी मुळाला झाकून स्वतःच मूळ म्हणून बसते, ती बतावणी.

हा भेद आपल्या रोजच्या व्यवहारातही आहे. कचेरीतून जुन्या कागदाची नक्कल घेतली, की तिच्यावर शिक्का पडतो, 'खरी नक्कल'. नक्कल, आणि ती खरी! ऐकायला विचित्र वाटते, पण अर्थ अगदी सरळ आहे. ती नक्कल आहे हे ती स्वतःच सांगते, म्हणून ती खरी.

पालखीतल्या पादुकांचेही तसेच. माउलींच्या पादुका पालखीत घालून, दिंड्यांसह पंढरीला नेण्याच्या सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबांनी, आणि ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे. नीरा ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो तेव्हा नदीत पादुकांना स्नान होते. त्या वेळी काठावर उभ्या असलेल्या म्हातारीला विचारा, "आजी, हे माउलींचे खरे पाय का?" ती हसेल. पाय नव्हेत हे तिला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच ती डोके टेकते. तिला कोणी फसवलेले नाही.

आता ग्रंथांकडे वळू. छापखाना येईपर्यंत आपले सगळे वाङ्मय नकलांवरच जगले. कोणी तरी दिव्याच्या उजेडात बसून पोथी उतरवली, म्हणून ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली. परंतु उतरवता उतरवता चुका शिरल्या, पदरच्या ओव्याही शिरल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, नाथांनी अनेक पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी आपली ओवी यात मिसळू नये अशी ताकीद दिली. नाथांचा राग नकलेवर नव्हता. आपले बोल माउलींच्या नावावर खपवण्यावर होता. तुकोबांच्या काळी याच्या उलट झाले. सालोमालो नावाचा एक जण तुकोबांचेच अभंग घेई आणि 'तुका'च्या जागी स्वतःचे नाव घाली. ही तक्रार खुद्द गाथ्यात आहे. दोन्ही ठिकाणी लबाडी झाली ती नावात.

आमची स्वतःची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका यात्रेत आम्ही दिंडीसाठी वीणा घेतली. विकणारा म्हणाला, "मिरजेची आहे, अस्सल भोपळा." मिरजेचे नाव निघाल्यावर आम्ही जास्त विचारलेच नाही. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी-तंबोरे घडतात. तिथले जुने कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा त्यांनी तेच हात वाद्यांना लावले. तंबोऱ्यासाठी लागणारा मोठा भोपळा पंढरपूरच्या बाजूला पिकतो, म्हणजे त्या वाद्यात आपल्या चंद्रभागेचेही पाणी आहे! असो. पहिल्याच पावसाळ्यात आमच्या वीणेचा रंग उडाला, आणि भोपळा म्हणून जो होता तो रंगवलेला फायबर निघाला. मिरजेशी तिचा काही संबंध नव्हता.

आता गंमत पाहा. फायबरची वीणा वाईट असते का? मुळीच नाही. ती हलकी असते, पावसात भिजली तरी कुजत नाही, पडली तर भोपळ्यासारखी फुटत नाही. पायी वारीला ती कदाचित जास्त सोयीची. त्या माणसाने "फायबर आहे, स्वस्त देतो" म्हटले असते, तर आम्ही कदाचित तीच घेतली असती आणि त्याला दुवा दिला असता. वस्तू तीच राहिली असती. फक्त एक शब्द खरा हवा होता. त्या शब्दापायी आमचे पैसे गेले ते गेले, पण मिरजेत बसून महिना महिना एका वाद्याला हात लावणाऱ्या कारागिराच्या तोंडचा घासही गेला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते याचसाठी. १९९९ च्या त्या कायद्याप्रमाणे, दुसरीकडचा माल मानांकित गावाच्या नावाने विकणे हा गुन्हा आहे. तंबोरा कोणीही कुठेही करावा, त्याला कायद्याची मनाई नाही. मनाई आहे ती नावाच्या चोरीला.

पण सगळीच प्रकरणे इतकी स्वच्छ नसतात. मूळ कोणते हेच जिथे पक्के सांगता येत नाही, तिथे काय करायचे? याचे उदाहरण साताऱ्यातच घडले. १९ जुलै २०२४ पासून तेथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आणलेली वाघनखे ठेवली होती. २०२५ साली ती पुढे नागपूरला गेली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची, तीन वर्षांच्या कराराने दिलेली. १८१८ नंतर साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे ती होती. शिवाजी महाराजांनी वापरलेली हीच ती वाघनखे आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली, अशा अर्थाचा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. परंतु प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला तो १० नोव्हेंबर १६५९ रोजी. मधली सुमारे एकशे साठ वर्षे जोडणारा पुरावा नाही. ही तीच वाघनखे असे सिद्ध करता येत नाही, हे ते संग्रहालय स्वतःच सांगते.

आम्ही ती पाहायला गेलो, तेव्हा जवळच उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "ही खरीच हायत न्हवं?" आम्ही जे होते ते सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. म्हाराज खरं हुतं." आणि काचेसमोर हात जोडून पुढे गेला. संशय सांगितल्याने त्याची श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही. शंका लपवली तरच श्रद्धा टिकते असे मानणारे लोक श्रद्धेला फार दुबळी समजतात.

वाघनखांच्या प्रती बाजारातही मिळतात. पोवाड्यात, शाळेच्या नाटकात त्या हव्यातच. मुलाला त्या हातात धरता येतात, काचेतली धरता येत नाहीत. मात्र तीच प्रत आम्लात बुडवून, गंजवून कोणी "आमच्या वाड्यात सापडली" म्हणून विकू लागला, तर ती लूट झाली. शंभर वर्षांवरील वस्तू सरकारच्या परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. प्रत बाहेर न्यायची तर 'ही पुरावस्तू नव्हे' असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून घ्यावा लागतो. कायद्यालाही प्रत मंजूर आहे, पण तिने आपले खरे नाव सांगितले पाहिजे.

तेव्हा अशी कोणतीही वस्तू समोर आली, की तीन प्रश्न विचारावेत. ही मूळ आहे असे कोण म्हणतो? कशावरून म्हणतो? आणि प्रत आहे असे सांगितले तर त्याचे काही नुकसान होणार आहे का? तिसऱ्या प्रश्नावर ज्याचा चेहरा उतरतो, त्याच्यापासून जपावे.

त्या मुलाला आमचे उत्तर एवढेच. बाळ, तुझी आजी फसलेली नाही. करहरला जाताना पंढरी कुठे आहे हे तिला पक्के माहीत असते. तू तिच्याबरोबर एकदा जा.

आणि शेवटी आपल्या सर्वांसाठी एक गोष्ट. गळ्यात माळ घातली, कपाळी गंध-बुक्का लावला, की आपणही संतांच्या प्रतीच झालो. त्यात कमीपणा नाही. पोथीवरून पोथी उतरावी तसा परमार्थ माणसावरून माणसावर उतरतो. फक्त आपण प्रत आहोत हे विसरून स्वतःलाच मूळ म्हणवून घेऊ लागलो, की सालोमालो दूर शोधायला नको. एवढे ध्यानी धरावे.

रामकृष्णहरि!