नाव सगळ्यात शेवटी लिहायचं

पोरी, फॉर्म्युला वनची शर्यत जवळ आली की सपरीत बसून तुम्ही मैत्रिणी जो अंदाज बांधता, तो मी रोज ऐकतो. पहिल्याच वाक्यात नाव येतं. व्हर्स्टापेन की नॉरिस, लेक्लेर की हॅमिल्टन. मग जिला जो आवडतो ती त्याची बाजू लावून धरते आणि चर्चा तिथेच संपते. तू जर खरंच आधी सांगू पाहतेस की रविवारी कोण पुढे राहील, तर कागदावर नाव सगळ्यात शेवटी लिही. आधी बाकीचं सगळं लिहून काढ.

हे मी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत शिकलो. पटाला नवखा माणूस आला की बैलाचं अंग, शिंगं आणि मालकाचं गाव पाहून बोलायला लागतो. जुना शौकीन आधी धावेची पट्टी पायाखालून घालतो. कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे ओल राहिली आहे, शेवटाला थांबायला जागा किती. मग जोडी हाकणारा धुरकरी कोण ते विचारतो. मग जोडी गेल्या आठवड्यात किती पट करून आली, दमली आहे का, याची चौकशी. बैलाच्या रूपाकडे तो सगळ्यात शेवटी बघतो. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पट बंद पडले, ते १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा मोकळे झाले. मधल्या साडेसात वर्षांत तुमची पिढी मोबाईलवर मोटारी पाहत मोठी झाली, म्हणून हे तुला मोटारींवरूनच सांगतो.

पहिली ओळ ट्रॅकची. एकच प्रश्न विचार: इथे पुढच्याला मागे टाकता येतं का? मोनॅकोचा रस्ता ३.३३७ किलोमीटरचा, ७८ फेऱ्या, आणि गाडी जवळजवळ भिंतीला घासून जाते. तिथे शनिवारच्या पात्रता फेरीत जो क्रम लागला तोच बहुतेक रविवारी राहतो. अशा ठिकाणी अंदाजाचं सगळं वजन पात्रता फेरीवर टाकायचं. मोंझासारख्या लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकवर तेवढं टाकायचं नाही.

पण इथे एक गंमत आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किलोमीटरपेक्षा लांब सरळ रस्ता आहे, म्हणजे मागून येऊन पुढे जाता येतं. तरीही २०११, २०१२ आणि २०१३ या तिन्ही वर्षी तिथली ग्रां प्री एकानेच जिंकली, सेबॅस्टियन वेटेलने, आणि तिन्ही वेळा पहिल्या जागेवरून सुटून. कारण पुढच्या गाडीला स्वच्छ हवा मिळते. मागच्या गाडीला तिने ढवळलेली हवा. त्या हवेत गाडी रस्त्याला दाबून बसत नाही, वळणावर सरकते, टायर तापतात आणि लवकर झिजतात. म्हणून पुढे जाता येतं एवढं पाहून भागत नाही, त्यासाठी टायरची किती किंमत मोजावी लागते तेही पाहावं लागतं.

शुक्रवारचा सराव तुम्ही चुकीच्या जागी बघता. सगळ्यात वर कोणाचं नाव आहे ते बघून मोकळ्या होता. ती एका फेरीची वेळ असते, आणि कोणाच्या टाकीत किती इंधन होतं ते कोणी सांगत नाही. दहा किलो इंधन जास्त असलं तर फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जातात. त्यापेक्षा जो चालक एकाच टायरवर सलग दहा-बारा फेऱ्या मारतोय त्याच्या वेळा खाली खाली लिही. पहिली आणि दहावी यांत किती फरक पडला ते बघ. ज्याचा फरक कमी, त्याच्या नावापुढे हलकी खूण कर. अजून नाव पक्कं करायचं नाही.

आता टायर. इथे मी तुझा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते निम्मी शर्यत इथेच ठरते.

नारायण कार्तिकेयनमुळे आपल्याकडे फॉर्म्युला वनला घरोघर प्रेक्षक मिळाले. २००५ साली तो जॉर्डन संघातून चालवत होता. मागच्या फळीतला संघ, त्याच्याकडून गुणाचीही आशा कोणी करत नव्हतं. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायला बंदी होती, एकाच संचावर पूर्ण अंतर काढायचं. १९ जूनला अमेरिकेत इंडियानापोलिसला तिरक्या, वेगवान वळणावर मिशेलिनचे टायर टिकत नाहीत हे शुक्रवारीच कळलं. रविवारी २० गाड्या निघाल्या, पण सुरुवातीची फेरी मारून मिशेलिनवाल्या १४ गाड्या सरळ आत, पिटमध्ये वळल्या. उरल्या ब्रिजस्टोनवाल्या सहा. मायकेल शूमाकर जिंकला आणि कार्तिकेयन चौथा आला, फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय. आदल्या दिवशी फक्त नावं वाचणाऱ्याला हे कधीच सांगता आलं नसतं. टायरची बातमी वाचणाऱ्याला निदान शंका आली असती.

आता टायर सगळ्यांना पिरेलीचेच. प्रत्येक शर्यतीला कोरड्यासाठी तीन प्रकार: पांढऱ्या पट्टीचा कडक, पिवळ्याचा मधला, लाल पट्टीचा मऊ. मऊ टायर वेगवान, पण लवकर संपतो. रस्ता कोरडा असेल तर शर्यतीत किमान दोन प्रकार वापरावेच लागतात, म्हणजे एकदा तरी आत यावंच लागतं. आत येण्याची किंमत काढायला शीक. गाडी उभी राहते ती दोन-तीन सेकंदच. पण पिटच्या गल्लीत बहुतेक ठिकाणी ताशी ८० किलोमीटरची मर्यादा असते, त्यामुळे एकूण वीस-बावीस सेकंद जातात. समज बावीस गेले आणि नवा टायर फेरीला एक सेकंद देतो. म्हणजे ते भरून काढायला बावीस फेऱ्या लागल्या. शर्यतीत तेवढ्या फेऱ्या उरल्या नसतील तर आत येणं तोट्याचं. हे गणित गोंदियाला जाता जाता लोकलमध्येसुद्धा करता येतं, त्याला संगणक लागत नाही.

२०१३ ची बुद्ध सर्किटची शर्यत या गणितासाठी पुन्हा पाहा. मऊ टायर त्या दिवशी फार लवकर झिजत होता. वेटेल मऊ टायरवर सुटला आणि दुसऱ्याच फेरीत आत येऊन त्याने तो टाकून दिला. मागे पडला, पण पुढे रस्ता मोकळा करत करत जिंकला आणि त्याच दिवशी चौथं विश्वविजेतेपद घेतलं. मला मात्र त्या दिवशी वेटेलपेक्षा रोमेन ग्रोजॉ आवडला. तो सतराव्या जागेवरून सुटला. एकदाच आत आला, आणि मधल्या प्रकारच्या एकाच संचावर चाळिसाहून जास्त फेऱ्या काढून तिसरा आला. सगळे दोनदा आत येणार असतील तर एकदाच येऊन टायर जपणारा कोण आहे, ते नाव शोध. त्याला पहिल्या नंबरवर लिहू नको, तिसऱ्यावर लिही.

सेफ्टी कारचं सगळ्यांना माहीत असतं, पण वापरता थोड्यांना येतं. अपघातानंतर ती आली की सगळ्यांचा वेग उतरतो, त्यामुळे त्या वेळी आत येणं जवळजवळ निम्म्या किमतीत पडतं. जो नुकताच पूर्ण किंमत मोजून आत येऊन गेला त्याच्यावर अन्याय होतो. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या शर्यतीपासून २०२३ पर्यंत प्रत्येक वेळी सेफ्टी कार आली. लोक ती धरूनच चालले होते. २०२४ ला आलीच नाही. म्हणून तिच्या भरवशावर अंदाज करू नको. ती आली तर कोणाचा फायदा, एवढं बाजूला लिहून ठेव.

पावसाचं वेगळं. कास्तकाराच्या नातीला सांगायला नको की ‘पावसाची शक्यता’ या दोन शब्दांवर कोणी धानाचे पऱ्हे उपटत नाही. बेल्जियमचा स्पा सात किलोमीटरचा आहे, एका टोकाला सरी आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, असं तिथे नेहमी होतं. पावसात मोठ्या नावांचा मोठेपणा कमी होतो आणि वेळेवर घेतलेल्या निर्णयाचा वाढतो. १ ऑगस्ट २०२१ ला हंगेरीत सुरुवातीच्या धडकांनंतर शर्यत थांबली. पुन्हा सुरू होईपर्यंत रस्ता वाळत होता. बाकी सगळे सुके टायर घालायला पिटमध्ये वळले आणि सुरुवातीच्या रेषेवर हॅमिल्टन एकटा उभा राहिला, ओल्या टायरवर. पुढच्याच फेरीत त्याला आत यावं लागलं आणि तो शेवटी गेला. शर्यत एस्टेबान ओकॉन जिंकला. ३ नोव्हेंबर २०२४ ला ब्राझीलमध्ये उलटं झालं: नॉरिस आणि रसेल आत येऊन टायर बदलून गेले, व्हर्स्टापेन बाहेरच थांबला आणि थोड्याच वेळात लाल झेंडा आला. शर्यत थांबली की टायर फुकटात बदलता येतात. सतराव्या जागेवरून सुटलेला माणूस जिंकला. दोन्ही वेळा मोठा चालकच होता. दोघांनीही आत यायला उशीर केला, एकाचा अंगाशी आला, दुसऱ्याचा फायद्याचा ठरला. पावसाच्या दिवशी नाव एकच लिहू नको, तीन लिही.

आपल्या मुंबईच्या जेहान दारूवालामुळे फॉर्म्युला टू पाहायला लागली असशील तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेव. तिथे छोट्या शर्यतीत पुढच्या चालकांचा क्रम उलटा लावतात. ६ डिसेंबर २०२० ला बहरीनच्या साखीरला जेहान जिंकला, फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय. त्या वर्षी मोठ्या शर्यतीतले पहिले आठ उलटे उभे करत. तिथे आठवा आलेला दुसऱ्या दिवशी पहिला उभा, आणि जिंकलेला आठवा. नियम न वाचता अंदाज करणारे तिथे हटकून फसतात.

२०२६ पासून फॉर्म्युला वनचेच नियम बदलले आहेत. गाड्या लहान आणि हलक्या, जवळपास निम्मी ताकद विजेची. तेव्हा २०२५ पर्यंतचे आकडे जपून वापर. नवीन इंजिनांच्या काळात गाडी शेवटपर्यंत पोचते का, हा प्रश्न वरच्या ओळीत घे. २०१३ ला बुद्ध सर्किटवर वेटेलचाच जोडीदार मार्क वेबर चांगला चालवत होता, पण अल्टरनेटर गेला आणि तो बाहेर पडला. त्याच्या चालवण्यात खोट नव्हती.

इतकं झालं की मग नावं. तीन लिही, प्रत्येकापुढे अर्ध्या ओळीत कारण. शनिवारची पात्रता फेरी झाल्यावर लिही, आणि सुरुवातीचा अधिकृत क्रम आला की एकदा पडताळून घे. इंजिन किंवा गिअरबॉक्स बदलला म्हणून कोणाला मागे ढकललं असेल तर तिथे कळतं. त्यानंतर खोडाखोड नाही. युरोपातली शर्यत बहुतेक आपल्या साडेसहाला सुरू होते, कागद सव्वासहाला माझ्याकडे द्यायचा. पैशाची पैज लावलेली कळली तर मोबाईल मी ठेवून घेईन. आणि त्या फेरारीवाल्या मैत्रिणीला सांग, गाडी लाल आहे हे कारण धरलं जाणार नाही.