गट कार्यालयाचा फोन : नंबर कोणाचा, देखभाल कोणाची?



गळीत हंगाम सुरू झाला की सभासदाचे अर्धे काम फोनवर चालते. टोळी कधी येणार, माझ्या नोंदीची पाळी कोणती, गाडी काट्यावर लागली का, वजन किती भरले, बिल कधी जमा होणार, हे सारे प्रश्न गट कार्यालयाकडे येतात. विजेच्या तारा घासून फड पेटला, किंवा निफाड-सिन्नरच्या गोदाकाठी तोडणी चालू असता उसात बिबट्याची पिल्ले सापडली, तर मग प्रश्न तासांचा राहत नाही, मिनिटांचा होतो. तुटलेला ऊस जितका उशिरा गव्हाणीत पडेल तितके वजन घटते आणि साखरेचा उताराही घटतो. जळालेला ऊस तर फारच लवकर खराब होतो. सबब, गट कार्यालयाचा फोन न लागणे ही नुसती गैरसोय नव्हे. ते नुकसान आहे, आणि ते सभासद व कारखाना या दोघांच्याही खात्यावर पडते.

छोट्या कार्यालयासाठी इंटरनेटवर चालणारा फोन घ्यावा काय, घ्यावा तर कोणता, याचा विचार या पाठात करू. विषय यंत्राचा वाटतो, पण खरे पाहता तो व्यवस्थेचा आहे.

इंटरनेट फोन म्हणजे काय?

ट्रंक कॉल नोंदवून तास न् तास ताटकळण्याचे दिवस ज्येष्ठ सभासदांना आठवत असतील. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने वातानुकूलित खोलीशिवाय चालेल असे खेड्यांसाठीचे छोटे एक्स्चेंज तयार केले आणि मग गावोगाव फोन खणखणू लागला. त्या जुन्या पद्धतीत बोलणे चालू असेपर्यंत एक वाट त्या दोघांसाठीच राखून ठेवलेली असे.

इंटरनेट फोनचे तसे नाही. फडातला ऊस आपण मोळ्या बांधून गाडीत भरतो, तसे आवाजाचे बारीक तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता व क्रमांक घालून पाठवले जातात. एका सेकंदात साधारण पन्नास तुकडे निघतात आणि पलीकडे ते क्रमाने लावून पुन्हा आवाज तयार होतो. तुकडा हरवला किंवा उशिरा आला की आवाज तुटतो. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. त्याहून फार उशीर झाला की दोघे एकमेकांच्या बोलण्यात बोलू लागतात.

येथे एक गैरसमज दूर करावा. विक्रेता म्हणतो, "साहेब, मोठा स्पीड घ्या, फोन झकास चालेल." वस्तुतः नेहमीच्या चांगल्या प्रतीच्या एका बोलण्याला प्रत्येक दिशेने ८० ते ९० किलोबिट एवढाच वेग लागतो. पाच जण एकदम बोलले तरी अर्धा मेगाबिट पुरतो. तेव्हा फोनला लागते ती लाइनची स्थिरता. दिवसातून चार वेळा बंद पडणारी शंभर मेगाबिटची लाइन फोनच्या कामाची नाही.

वारणेचा धडा

ऊस उत्पादकांच्या संस्थेने कोणती यंत्रणा निवडावी, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ते फोन एक्स्चेंजचे नाही, पण आपल्या प्रश्नाला अगदी जवळचे आहे. १९९८ साली कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. वारणा समूहाच्या परिसरातील सुमारे सत्तर गावे त्यात होती. गावोगाव संगणक केंद्रे उघडून शेतकऱ्याला घराजवळ माहिती मिळावी असा उद्देश होता. कल्पना मोठी होती व देशभर तिची चर्चा झाली.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी तिथली पाहणी केली. ऊस सभासदाची प्रत्यक्ष गरज वजन, तोडणी, खत अशा मोजक्या माहितीची होती. म्हणून सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलवरील एसएमएसने तेच काम करून पाहण्यात आले. या प्रयोगाचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. संगणकावर होणारी सर्व कामे मोबाइलवर झाली, खर्च कमी आला, आणि शेतकऱ्यांना नवी पद्धत अधिक सोयीची वाटली, असा त्याचा निष्कर्ष आहे.

यातून संगणक वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. आधी सभासदाचा प्रश्न काय ते पाहावे, मग तो प्रश्न सुटेल एवढेच यंत्र घ्यावे, हा तो धडा आहे.

चार पर्याय

पहिला पर्याय, कार्यालयाचा मोबाइल. खर्च थोडा, वीज गेली तरी चालतो. परंतु एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी हा मोबाइल कारकुनाच्या स्वतःच्या नावावर असतो. त्याची बदली झाली की नंबर त्याच्याबरोबर जातो, आणि सभासदाच्या डायरीत राहतो तो निरुपयोगी आकडा. म्हणून मोबाइल घ्यायचा तर सिमकार्ड संस्थेच्या नावावरच हवे.

दुसरा पर्याय, फायबर जोडणीवरचा फोन. इंटरनेटसाठी जी पेटी बसवतात, तिच्या मागच्या खाचेत साधा फोन लावायचा. नाशिकला ०२५३, निफाडला ०२५५०, अशा एसटीडी कोडसह नंबर मिळतो. बोलणे फायबरवरून जाते, पण वापरणाऱ्याला जुन्या फोनसारखेच वाटते. सांभाळायचे असे फारसे काही नसते.

तिसरा पर्याय, कंपनीकडे ठेवलेले एक्स्चेंज. याला क्लाउड एक्स्चेंज म्हणतात. यंत्र कंपनीच्या जागेत, आपल्याकडे फक्त फोन. "तोडणीसाठी १ दाबा, बिलासाठी २ दाबा" ही सोय यात येते. आलेला फोन शेतकी मदतनिसाच्या मोबाइलवर वळवता येतो, न उचललेल्या फोनची यादी मिळते. भाडे साधारणपणे माणशी व दरमहा असते, म्हणजे टेबले वाढली की बिलही वाढते.

चौथा पर्याय, स्वतःचे एक्स्चेंज. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९ साली 'अ‍ॅस्टरिस्क' नावाची संगणक प्रणाली लिहून सर्वांसाठी खुली केली. ती फुकट मिळते आणि साध्या संगणकावर एक्स्चेंज उभे राहते. परंतु फुकटच्या बैलालाही वैरण लागतेच! ती अद्ययावत ठेवणे, पासवर्ड बदलणे, बिघाड शोधणे, हे करणारा माणूस रोजच्या हाताशी पाहिजे. पासवर्ड कच्चा राहिला की चोर दुरून शिरतात, रात्रीतून परदेशी फोन करतात, आणि बिल संस्थेच्या नावावर येते. मुख्य कार्यालयात जाणकार कर्मचारी असेल तर तिथे हा विचार करावा. तीन टेबलांच्या गट कार्यालयाने या फंदात पडू नये.

'सोपे' कशाला म्हणावे?

प्रत्येक विक्रेता आपला माल सोपाच सांगतो. आम्ही त्यासाठी तीन कामांची कसोटी सुचवतो.

एक : कारकून रजेवर गेला तर त्याचा फोन दुसऱ्याकडे वळवणे.
दोन : सुट्टीच्या दिवशी ऐकू येणारा निरोप बदलणे.
तीन : दिवसभरात न उचललेले फोन पाहून त्यांना उलट फोन करणे.

ही तीन कामे आपल्या कार्यालयातील कारकुनाने, विक्रेत्याला न विचारता, पाच मिनिटांत करून दाखवावीत. जमली तर यंत्रणा सोपी. विक्रेत्याच्या माणसाने करून दाखवली तर ती कसोटी नव्हे, ती जाहिरात झाली. कारण ऐन हंगामात रात्री आठ वाजता तो माणूस आपल्याकडे नसतो.

निरोपही मोजका असावा. सभासद बांधावर उभा असतो, हात चिखलाचे असतात, कित्येकांकडे साधा बटणांचा फोन असतो. त्याला सात-आठ पर्याय ऐकवून काय उपयोग? दोन पर्याय पुरे, मराठीत आणि सावकाश. काहीच दाबले नाही तर फोन सरळ माणसाकडे जावा.

वीज गेली तर?

जुन्या तांब्याच्या तारेवरील फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा येई, म्हणून गावात अंधार असला तरी फोन वाजत असे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. पेटी बंद पडली की फोनही मुका होतो. तेव्हा पेटी व फोन इन्व्हर्टरवर घ्यावेत किंवा पेटीपुरती छोटी बॅटरी बसवावी. वीज असूनही लाइनच तुटली, तर येणारे फोन आपोआप कार्यालयाच्या मोबाइलवर वळतील अशी सोय मागून घ्यावी.

कायदा आणि सावधगिरी

इंटरनेटवरून साध्या फोन नंबरवर बोलण्याची सेवा परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी. ही वाट २०१८ साली मोकळी झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये बीएसएनएलने 'विंग्ज' ही सेवा जाहीर केली होती. "ढीगभर सिमकार्डे लावून स्वस्तात फोन देतो," असे कोणी म्हटले तर त्याला दारातूनच परत पाठवावे. परदेशी फोन स्थानिक दाखवणाऱ्या अशा बेकायदा पेट्यांवर पोलिसांनी वेळोवेळी छापे घातले आहेत.

नंबराबाबतही आधीच विचारावे. मोबाइलचा नंबर कंपनी बदलूनही ठेवता येतो, ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर झाली. लँडलाइन किंवा क्लाउडच्या नंबराचे तसेच होईल असे गृहीत धरू नये. करार संपल्यावर नंबर कोणाकडे राहणार, हे लेखी घ्यावे. तसेच १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो, हे कार्यालयातील नव्या माणसाला सांगून ठेवावे.

संस्थेचा नंबर पक्का असण्याचा आणखी एक लाभ आहे. बिल जमा होण्याच्या दिवसांत "कारखान्यातून बोलतोय, ओटीपी सांगा," असे फसवे फोन येऊ शकतात. ऊस नोंदीच्या पावतीवर कार्यालयाचा एकच नंबर छापलेला असला, तर सभासद तो लावून खात्री करून घेईल. ओटीपी कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आमची शिफारस

दोन-तीन टेबलांच्या गट कार्यालयाला संस्थेच्या नावावरचा फायबर फोन, जोडीला संस्थेच्याच नावावरचा एक मोबाइल आणि पेटीला बॅटरी, एवढे पुरेसे आहे. चार-पाच गट कार्यालये एका नंबरावर जोडायची असतील तर क्लाउड एक्स्चेंज घ्यावे, पण आधी एका गटात एक महिना चालवून पाहावे, आणि तेही हंगामाच्या गर्दीत. बिनहंगामी शांततेत कोणताही फोन चांगलाच वाटतो.

आणि कोणतीही यंत्रणा घेतली तरी एक वही ठेवावी. न उचललेले फोन किती, उलट फोन किती जणांना केला, हे रोज संध्याकाळी तिच्यात लिहावे. यंत्र यादी देईल. उलट फोन माणसालाच करावा लागतो.

स्वाध्याय

सभासदांनी पुढील प्रश्न आपापल्या गट कार्यालयात विचारावेत :

१. कार्यालयाचा फोन नंबर कोणाच्या नावावर आहे?
२. वीज गेल्यावर फोन किती वेळ चालतो?
३. कारकून रजेवर असता फोन कोण उचलतो?
४. काल न उचललेले फोन किती होते?
५. करार संपल्यावर नंबर कोणाकडे राहील?

या पाचही प्रश्नांची उत्तरे जागेवर मिळाली तर आपला फोन चांगला आहे, मग तो जुना असो की नवा. न मिळाली, तर नवे यंत्र घेण्याआधी व्यवस्था बसवावी लागेल. खर्च सभासदांच्या पैशातूनच होणार आहे, म्हणून विचारण्याचा हक्कही सभासदांचाच आहे.

जय सहकार!