घरात चित्रे कोठे व कशी लावावीत

वारीहून परतताना पंढरीच्या बाजारातून एखादे चित्र आणले नाही, असा वारकरी विरळा. आणतो खरे, पण लावायचे कोठे, याचा विचार कोण करतो? जिथे खिळा रिकामा दिसला तिथे पांडुरंग! शेजारी घड्याळ, खाली छत्री अडकवलेली.

आपल्या पूर्वसूरींनी मात्र हा विचार केला होता. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र आहे. राहत्या घरात शृंगार, हास्य व शांत याच रसांची चित्रे असावीत. युद्ध, स्मशान, शोक यांची नसावीत, असा त्याचा आशय. विटेवर उभा राहिलेला सावळा हा तर मूर्तिमंत शांतरस. तेव्हा निवडीची चिंता नाही, जागेची आहे.

पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून छापील देव घरोघर पोहोचविले. त्या काळच्या वाड्यांत चित्रे तुळईखाली ओळीने लावीत आणि वरची कड पुढे झुकती ठेवीत. लोक जमिनीवर बसत. झुकल्यामुळे खाली बसलेल्यालाही मुख दिसे. आता झुकाव गेला, उंची तेवढी राहिली! हरिपाठाला बसणाऱ्याची नजर जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असते. त्याच्या समोरचे चित्र त्याच बेताने खाली घ्यावे.

आणि वाचकहो, घरात कोणाची वारी चुकली आहे, हे आधी पाहा. गुडघ्यांनी दगा दिलेली म्हातारी आई खाटेवर पडून असते, आणि चित्र तिच्या उशामागच्या भिंतीवर! सून रोज हार घालते, आईला मात्र मान वळविल्याशिवाय विठोबा दिसत नाही. चित्र तिच्या पायथ्याच्या भिंतीवर न्या, निजल्या ठिकाणाहून पाहून घ्या, खिडकीचा उजेड काचेवर चमकत असेल तर थोडे सरकवा. आम्ही कीर्तनाला जातो तिथे यजमानांना हे सांगतो. पुष्कळजण त्याच दिवशी खिळा काढतात.

पावसाची झड बसणारी भिंत टाळावी. ती आपल्याकडे बहुधा पश्चिमेची. ओल काचेआड शिरली की कागद काचेला चिकटतो, मग सुटत नाही. चौकटीमागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे वारा खेळतो. ऊनही वाईट, छापील चित्रातला तांबडा-पिवळा आधी उडतो आणि निळसर छटा उरते. विठोबा सावळा खराच, पण पीतांबरही निळा पडावा काय? समई व उदबत्ती हातभर दूर असावी. जड चौकटीला भोक पाडून गट्टू बसवावा व स्क्रू पिळावा. एका पाणसळीत दोन स्क्रू असले की चित्र कलत नाही.

वडीलधाऱ्यांचे फोटो देवाच्या ओळीत लावू नयेत, असे काहीजण म्हणतात. आमचे मत, वेगळी भिंत असली तर उत्तम. खोली एकच असली तर वाद घालू नये.

जीर्ण झालेली चित्रे पिंपळाखाली किंवा चंद्रभागेत टाकतात, हे मात्र आम्हांस मुळीच रुचत नाही. वाळवंटात अनवाणी पाय असतात, आणि काच त्यांतच रुतते. काच व चौकट पुसून नव्या चित्राला वापरावी. साधा कागद असेल तर भिजवून, लगदा करून, घराजवळच्या झाडाच्या बुंध्याशी मातीत पुरावा. प्लॅस्टिक चढविलेला कागद कुजत नाही, म्हणून नवीन चित्र घेतानाच ते पाहून घ्यावे.