बाक ऑगस्टसाठी करावा

अंगणात लाकडी बाक स्वतः करायचा म्हटलं की जो तो करवत नि ड्रिलबद्दल सल्ला देतो. फसगत होते ती त्याआधी, वखारीत. सागवान म्हणून मला मिळालेल्या पट्ट्यांची एक कड पिवळसर पांढरी होती. "पॉलिश मारलंत की एकसारखं दिसेल," वखारवाला म्हणाला. दिसलंही. पुढच्या वर्षी बाकाखाली पिठासारखी भुकटी पडू लागली. किडीनं तेवढी पांढरी कडच पोखरली होती, लगतचा तपकिरी गाभा शाबूत. साग टिकतो म्हणतात तो गाभा. बाहेरचं पांढरं लाकूड सागाचं असूनही कच्चंच. म्हणून पट्टीचं कापलेलं तोंड बघा, कडांवर थोडा रंधा मारून घ्या आणि आधीच रंगवलेला माल उचलू नका. साग परवडत नसेल तर फणसाचा पिवळा गाभा घ्या. आंब्याची फळी उघड्यावर नको.

मग पाऊस. रत्नागिरीकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरहून जास्त कोसळतो. त्याने लाकूड भिजतं, पण कुजतं ते अडून राहिलेल्या पाण्याने. बैठकीच्या दोन पट्ट्यांत ८ मिलिमीटर फट हवीच. आमच्याकडचे सुतार ती ठेवायला कचरतात, फट म्हणजे काम कच्चं असं त्यांना वाटतं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र फुगतं. घट्ट बसवलेल्या पट्ट्या जुलैत एकमेकींना रेटतात नि वर उचलल्या जातात. बैठक मागे किंचित उतरती केलीत तर पाठीच्या बुडाशीही फट सोडा, नाहीतर तिथेच तळं होतं.

पाय हा सगळ्यात दुबळा भाग, कारण आडव्या कापलेल्या तोंडातून पाणी भराभर वर चढतं. जांभ्याच्या चिऱ्यावर पाय टेकवू नका; चिरा स्वतःच पाणी धरून बसतो. खाली कडप्प्याचा तुकडा ठेवा. पायांच्या तळाला काजूच्या टरफलाचं तेल लावा, होड्यांना लावतात तेच. कच्चं तेल अंगावर उडालं तर कातडी भाजते, तेव्हा हातमोजे घाला आणि बैठकीला ते अजिबात लावू नका.

व्हार्निश मी आता लावतच नाही. उन्हाने त्याला तडे जातात, तिथून पाणी आत शिरतं आणि थराखाली कोंडून राहतं. उघडा साग राखाडी पडतो, पण तो फक्त रंग, पडू द्यावा.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, समुद्र जवळ असेल तर ३१६ प्रतीचे. लोखंडी स्क्रू गंजतात आणि भोवतीचं लाकूड काळं करतात. आधी बारीक भोक पाडून मगच पिळा. पट्टीच्या टोकाशी तर नक्कीच, तिथेच ती चिरते. बैठक जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर ठेवा आणि घरात म्हातारं माणूस असेल तर हात टेकायला दांडा द्या, उठताना लागतो.