वीस हजार घड्याळांचा एक ताल

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते. मात्र आज ज्या वेळी गेलात, त्याच वेळी आठवड्याने जाल तर वाट पाण्याखाली असेल. भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, कारण तिचा ताल चंद्राचा. म्हणूनच तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा ठोकताळा कोकणात रूढ आहे. मासेमारीला निघालेला कोळी या चांद्र घड्याळाप्रमाणे होडी लोटतो. पण मध्यरात्री त्याला जांभई येते ती सूर्याच्या घड्याळाप्रमाणे! हे दुसरे घड्याळ असते कोठे?

१७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखी एक वनस्पती अंधारात ठेवली. सूर्य दिसत नसतानाही तिची पाने दिवसा उघडत, रात्री मिटत. म्हणजे ताल आतलाच होता.

आपल्या शरीरातील मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर चेतापेशींचे दोन लहान पुंजके आहेत. दोहोंत मिळून पेशी सुमारे २०,०००, आणि प्रत्येक पेशी स्वतंत्र घड्याळ! पेशीतील काही जनुके प्रथिने बनवितात. ती साचली की आपल्याच जनुकांना थांबवितात. ती विघटित झाली की काम पुन्हा सुरू. हा फेरा साधारण २४ तासांचा. फळमाशीत ही यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण या पेशी वेगवेगळ्या केल्या, तर कोणाचा फेरा २४ तासांहून थोडा कमी, तर कोणाचा थोडा जास्त भरतो. मग त्या एका तालात कशा चालतात?

१६६५ मध्ये हायगेन्सला दिसले, की एकाच आधाराला टांगलेल्या दोन घड्याळांचे लंबक काही वेळाने एका तालात झुलू लागतात. आधारातून जाणारी सूक्ष्म कंपने त्यांना जुळवितात. मेंदूत या आधाराचे काम निरोप्या रेणू करतात. त्यांतील प्रमुख रेणू म्हणजे ‘व्हीआयपी’, २८ अमिनो आम्लांची साखळी. तो प्रथम आतड्यात सापडला, म्हणून त्याच्या पूर्ण नावात आतड्याचा उल्लेख आहे. हा रेणू नसलेल्या उंदरांवरील प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या बऱ्याच पेशींचा ताल नाहीसा झाला होता आणि उरलेल्यांचा एकमेकींशी जुळत नव्हता. आधारच काढून घेतला, तर लंबक जुळणार कसे?

आता हे घड्याळ सूर्याशी कसे जुळते ते पाहू. माणसाचे घड्याळ २४ तासांहून सरासरी दहा-बारा मिनिटे मंद चालते. सकाळचा उजेड डोळ्यांत शिरला, की नसांच्या टोकांतून ग्लुटामेट हा रेणू पुंजक्यात स्रवतो आणि घड्याळ पुढे केले जाते. अंधार पडल्यावर पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन रक्तात येते व शरीराला रात्रीची वर्दी देते. रात्रीच्या प्रखर उजेडाने ही वर्दी लांबते.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या आधी पहाटेपर्यंत दिव्याखाली जागून दुपारपर्यंत झोपलात, तर घड्याळ काही तास मागे पडते. मग सकाळी अकराच्या पेपराला तुम्ही बाकावर असता, पण तुमचे घड्याळ अजून पहाटेतच असते! ते एका रात्रीत जुळत नाही. म्हणून परीक्षेच्या आठवडाभर आधीपासून वेळेवर झोपा आणि सकाळी अंगणात वा किनाऱ्यावर उजेडात थोडे चाला.

करून पाहा : कुंडीतील लाजाळू दोन दिवस बंद कपाटात ठेवा. सकाळी व रात्री, न हलविता, अगदी मंद उजेडात क्षणभर पाहून पानांची स्थिती वहीत नोंदवा.